जुन्या व्रणात उपजणारा कर्करोग

लहानपणी पायावर उकळतं पाणी सांडतं, जखम भरायला कित्येक महिने लागतात आणि मागे एक चकचकीत, आवळलेला व्रण राहतो. पुढे चाळिशीत त्याच जागी छोटी चीर पडते. मलम लावलं की सुकते, आठवड्याभरात पुन्हा उकलते. त्याचं फारसं काही वाटत नाही, कारण तिथली कातडी आधीपासूनच नाजूक. अशा चिरेत कधीकधी त्वचेचा कर्करोग सुरू झालेला असतो. तो उशिरा सापडतो, कारण जुन्या जखमेची सगळ्यांना सवय होऊन गेलेली असते: रुग्णाला, घरच्यांना आणि रोज ड्रेसिंग करणाऱ्यालाही.

डॉक्टर याला मार्जोलिन अल्सर म्हणतात. मार्जोलिन या फ्रेंच शल्यचिकित्सकाने 1828 मध्ये जुन्या व्रणांवर उगवणाऱ्या जखमांचं वर्णन केलं. हा कर्करोग आहे, असं त्याने म्हटलं नव्हतं. तो संबंध नंतरच्या डॉक्टरांनी जोडला. भाजल्याचे व्रण यात सर्वांत पुढे. पण शिरांच्या विकारामुळे घोट्याजवळ वर्षानुवर्षं वाहणारी जखम, हाडातल्या संसर्गाने पू गळणारं छिद्र, अंथरुणाला खिळलेल्यांचे बेडसोर, कुष्ठरोगात तळव्याला पडणाऱ्या जखमा, यांतही तो होतो. प्रमाण कमीच आहे. भाजल्याच्या व्रणांपैकी साधारण 1 ते 2 टक्क्यांत तो आढळतो, असं सांगितलं जातं. मूळ इजा आणि कर्करोग यांच्यात सरासरी तीसेक वर्षं जातात. क्वचित तो वर्षभरातही उद्भवतो.

इतकी वर्षं आत काय चाललेलं असतं? जखम भरताना कडेच्या पेशी झपाट्याने विभागतात आणि उघडी जागा झाकत जातात. जागा झाकली गेली की विभाजन थांबतं. न भरणाऱ्या जखमेत ते थांबतच नाही. प्रत्येक विभाजनात डीएनएची नवी प्रत तयार होते, आणि प्रत म्हटली की चुका आल्या. त्यात भर म्हणजे जखमेत ठाण मांडलेला दाह. जंतूंशी लढणाऱ्या पेशी जी तीव्र रसायनं सोडतात, ती शेजारच्या पेशींच्या डीएनएलाही इजा करतात. हॅरॉल्ड ड्वोरॅक या संशोधकाने 1986 मध्ये कर्करोगाच्या गाठींना ‘न भरणाऱ्या जखमा’ म्हटलं होतं. गाठ वाढताना जखम भरण्याचीच यंत्रणा वापरते, नव्या रक्तवाहिन्यासुद्धा तशाच बोलावून घेते, असं त्यांचं म्हणणं. मार्जोलिन अल्सर पाहिला की ते पटतं.

दुसरं कारण व्रणाच्या घडणीत आहे. तिथे रक्तवाहिन्या आणि लसिकावाहिन्या (ऊतींमधला पाण्यासारखा द्रव, म्हणजे लसिका, वाहून नेणाऱ्या नळ्या) विरळ असतात, त्यामुळे बिघडलेल्या पेशी हेरून मारणाऱ्या रोगप्रतिकारक पेशी तिथवर नीट पोचत नाहीत. कर्करोग व्रणाच्या आत आहे तोवर तो बराच काळ कोंडलेलाही राहतो. व्रणाची हद्द ओलांडून निरोगी ऊतीत शिरला, की मात्र वेगाने पसरतो. हा बहुतेक वेळा स्क्वेमस पेशींचा, म्हणजे त्वचेच्या वरच्या थरातल्या चपट्या पेशींचा, कर्करोग असतो. एरवी त्वचेवरचा असा कर्करोग मोजक्याच रुग्णांत लसिकाग्रंथींपर्यंत (लसिकावाहिन्यांवरच्या, काख-जांघेत असणाऱ्या छोट्या गाठींपर्यंत) जातो. व्रणातून उपजलेल्या प्रकारात हे प्रमाण कितीतरी जास्त, काही पाहण्यांमध्ये 20 ते 30 टक्के आढळलं आहे.

पट्टी सोडल्यावर जखमेची कड बघावी. भरत आलेल्या जखमेची कड उतरती असते आणि तिथून निळसर-पांढऱ्या कोवळ्या कातडीची बारीक पट्टी आत सरकताना दिसते. कर्करोगात कड उंचावते, बाहेर वळते आणि बोटाला कडक लागते. मधलं मांस फुलकोबीसारखं वर येतं, हात लागताच रक्त येतं. वास आणि स्राव वाढतो. कधी काहीच वर येत नाही, सपाट जखम नुसती खोल जात राहते. हा प्रकार जास्त फसवा. तीन महिने नीट उपचार करूनही न भरणारी, किंवा भरलेल्या व्रणात नव्याने उघडलेली जखम असेल तर बायोप्सीचा, म्हणजे जखमेचा छोटा तुकडा काढून तपासण्याचा, विषय आपणहून काढावा. तुकडे कडेचे आणि मधले, असे अनेक जागांचे घ्यावे लागतात. एकाच तुकड्यावर निदान चुकू शकतं, कारण दीर्घ दाहाने जाड झालेली कातडी सूक्ष्मदर्शकाखाली कर्करोगासारखी दिसते आणि खरा कर्करोग खाली दडलेला राहू शकतो. रिपोर्ट चांगला आला, पण जखम बिघडतच चालली, तर तपासणी पुन्हा करायला सांगायला मुळीच संकोचू नये.

निदान झाल्यावर भोवतालच्या काही सेंटिमीटर निरोगी भागासह जखम कापून काढतात आणि तिथे त्वचारोपण करतात. जांघेतल्या किंवा काखेतल्या लसिकाग्रंथी तपासतात. हाड किंवा सांधा पोखरला गेला असेल तर अवयव काढण्याचीही वेळ येते. हे सारं टाळण्याची सर्वांत चांगली संधी भाजल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत असते. खोल भाजलेला भाग आपोआप भरेल म्हणून सोडून न देता त्यावर वेळेत त्वचारोपण झालं, तर गुडघ्यामागे किंवा कोपराच्या वळणावर सतत ताणला जाणारा, पुन्हा पुन्हा फाटणारा व्रण मुळात तयारच होत नाही.