मे महिन्यात ठोकलेलं स्टेज जुलैत का फुगतं?

नागपुरात शाळेच्या हॉलचं काम निघतं ते उन्हाळ्याच्या सुटीत. मुलं नसतात, आणि विदर्भातल्या शाळा जूनच्या शेवटाला उघडणार म्हणून सुताराला हात मोकळा मिळतो. एका शाळेत मी नेपथ्याला मदत करायला जायचो. तिथं मे महिन्यात स्टेजवर प्लायचे ताव इतके घट्ट भिडवले, की सांध्यात पोस्टकार्ड शिरलं नसतं. सगळ्यांनी सुताराची पाठ थोपटली. पंधरा ऑगस्टच्या तालमीला गेलो, तर तेच सांधे फुगून वर आलेले. लेझीमच्या पहिल्याच फेरीत एका मुलाला ठेच लागली.

सुताराच्या हातात खोट नव्हती. त्यानं कॅलेंडर पाहिलं नव्हतं, इतकंच.

झाड कापलं तरी त्याचं लाकूड हवेतली वाफ घेत-सोडत राहतं. पेशींच्या भिंतींमध्ये पाणी शिरलं की त्या जाड होतात, निघून गेलं की आक्रसतात. मे महिन्यात नागपूरची दुपार म्हणजे भट्टी. २३ मे २०१३ ला पारा ४७.९ अंशांवर गेला होता. अशा कोरड्या हवेत लाकडातलं पाणी त्याच्या कोरड्या वजनाच्या जेमतेम ५-६ टक्के उरतं. पावसाळ्यात ते १५-१६ टक्क्यांपर्यंत चढू शकतं. लांबीच्या दिशेनं लाकूड जवळजवळ हलत नाही, सगळी हालचाल रुंदीत नि जाडीत होते. सागवान तर लाकडांतलं शहाणं बाळ, पण त्याचीही १० सेंटिमीटर रुंदीची फळी एवढ्या फरकानं सुमारे २ मिलिमीटर रुंदावू शकते. ८ मीटरच्या स्टेजवर अशा ८० फळ्या शेजारी शेजारी बसवल्या, तर वाढ होते १६ सेंटिमीटर! बंद हॉलमध्ये ती निम्मी धरली, तरी चार बोटं स्टेज जाणार कुठं? वर.

म्हणून, नव्या संसद भवनाला सागवान आपल्या नागपुरातून गेलं असलं, तरी शाळेच्या स्टेजला माझं मत प्लायलाच. प्लायमध्ये एका थराचे तंतू उभे, तर पुढच्याचे आडवे. एक थर फुगू पाहतो तेव्हा शेजारचा त्याला धरून ठेवतो, त्यामुळे हालचाल भरीव लाकडाच्या साधारण दहाव्या हिश्श्यावर येते. हिश्शावर आली तरी शून्य होत नाही. १८ मिलिमीटरचे दोन थर घाला, वरच्याचे सांधे खालच्या सांध्यांवर येऊ देऊ नका, आणि मे महिन्यात बसवत असाल तर दोन तावांमध्ये ३ मिलिमीटर जागा सोडा. जाड खिळा मध्ये उभा धरला की माप मिळतं. ताव कापल्यावर त्याच्या कडांना प्रायमर मारायला विसरू नका. प्लाय पाणी पितो ते मुख्यतः कडांतून.

या दोन थरांवर एक तिसरा हवा, तो खराब होण्यासाठीच. नाटकवाले जमिनीत स्क्रू मारतात, फ्लॅट (नेपथ्याच्या चौकटी) उभे करतात, जड पेट्या ओढतात. ही सगळी मारझोड ६ मिलिमीटरच्या टेम्पर्ड, म्हणजे जास्त कडक केलेल्या, हार्डबोर्डनं खायची आणि काही वर्षांनी तो बदलायचा. हा बोर्ड विल्यम मेसन या अमेरिकी माणसानं १९२० च्या दशकात काढला. लाकडाच्या ढलप्यांवर दाबाची वाफ सोडून दाब एकदम काढला, की ढलप्या फुटून तंतू सुटे होतात. ते गरम दाबून त्याचा ताव करायचा. लाकडातलं लिग्निनच चिकटवायचं काम करतं. हार्डबोर्ड बसवण्याआधी त्याच्या खडबडीत पाठीवर पाणी फिरवून ताव दोन-तीन दिवस पाठीला पाठ लावून रचून ठेवावेत. सुतार हे ऐकून हसतात. पण आधीच फुगलेला बोर्ड ठोकला की पुढं तो आक्रसून ताठ बसतो, डोंगर होत नाही.

खालचा भाग बहुतेक शाळांत सिमेंटचा चौथरा नि वर कोटा किंवा टाइल्स. त्यावर थेट नाचवणं मुलांच्या गुडघ्यांशी वैर आहे. उडी मारून खाली येताना पायावर वजनाच्या कितीतरी पट जोर येतो. थांबायला एक सेंटिमीटर जास्त मिळालं, तरी तो बराच उतरतो. म्हणून चौथऱ्यावर रबराच्या गाद्या, त्यांवर लाकडी बत्त्या (आधाराच्या पट्ट्या), मग प्लाय. पोकळी रिकामी सोडली तर स्टेज ढोलासारखं वाजतं. तिथं रॉकवूल, म्हणजे दगडी तंतूंचा आवाज शोषणारा कापूस, भरा. बाजूला जाळीची भोकं ठेवा, हवा खेळायला आणि टॉर्च मारून वाळवीच्या मातीच्या नळ्या शोधायलाही.

आपल्याकडचा खास खलनायक म्हणजे कूलर. मे महिन्यातल्या बालनाट्य शिबिरात तो विंगेत लावतात. त्या कोपऱ्याला पावसाळा, दुसऱ्याला वैशाख! कूलर हॉलच्या खिडकीत हवा, स्टेजपासून लांब.

रंग काळा, मॅट, पाण्यात मिसळणारा. एनॅमल चकाकतो, दिवे डोळ्यांत मारतो आणि घामेजल्या तळव्याखाली निसरडा होतो. पुसायचं ते पिळून घेतलेल्या फडक्यानं. बादली ओतून धुणाऱ्या शिपाईकाकांना आधी चहा पाजा, मग समजवा. दारात मोठं पायपुसणं हवंच, कारण चपलेला चिकटून येणारी वाळू रंगावर सँडपेपरचं काम करते.

गॅदरिंग डिसेंबर-जानेवारीत असलं, तरी तपासणी जुलैच्या शेवटी करा. हॉल बंद, दिवे बंद, पाय अनवाणी, आणि टॉर्च जमिनीलगत आडवा धरलेला. वर आलेला सांधा सावली टाकतो.