बॅटरी बदलायच्या आधी अर्थिंग बघा

पुण्यात पावसाची झड लागली की सोसायटीच्या पार्किंगमधल्या जुन्या गाड्यांचं ठरलेलं दुखणं वर येतं, सेल्फ मारला की नुसतं कटकट, हेडलाइट पिवळट, आणि कोणीतरी लगेच सांगतं की बॅटरी गेली. मग नाना पेठेतून नवी बॅटरी येते, गाडी थोडे दिवस बरी चालते आणि परत तेच. म्हणून कळकळीने सांगतो, पैसे घालायच्या आधी अर्थिंग तपासा.

गाडीतलं अर्थ म्हणजे घरासारखं जमिनीत पुरलेलं नाही, गाडी तर रबरी टायरवर उभी आहे. इथे अर्थ म्हणजे करंटची बॅटरीच्या मायनसकडे परत जायची वाट. प्रत्येक बल्बला दुसरी वायर ओढण्यापेक्षा अख्खी लोखंडी बॉडीच परतीची वायर म्हणून वापरलेली असते. इंजिन मात्र रबरी माउंटिंगवर बसतं, त्यामुळे ते बॉडीला किंवा बॅटरीला जोडायला वेगळी जाड पट्टी किंवा केबल लागते, आणि वीस-पंचवीस वर्षांत तिच्या बोल्टखाली गंज धरतो, कधी डेंटिंग-पेंटिंगमध्ये तिथेच रंग बसतो.

आता आकडे बघा. छोट्या पेट्रोल गाडीचा सेल्फ, म्हणजे इंजिन फिरवणारी स्टार्टर मोटरसुद्धा सहज 100 अँपिअर खेचते. गंजलेल्या जोडाचा रेझिस्टन्स, म्हणजे करंटला होणारा अडथळा, फक्त 0.02 ओहम धरला तरी तिथेच 2 व्होल्ट खर्च झाले, 12 मधले! आणि इथेच भले भले फसतात, कारण मल्टीमीटर ओहमवर लावला तर तो अगदी किरकोळ करंट सोडून मोजतो, इतका बारीक रेझिस्टन्स त्याला दिसतच नाही, तो जवळपास शून्य दाखवतो आणि आपण म्हणतो जोड ठणठणीत आहे. केबलच्या शंभर तारांपैकी पाच धागे शिल्लक असले तरी तो तेच सांगेल.

खरी तपासणी करंट वाहत असतानाच होते. मीटर डीसी व्होल्टवर ठेवा, काळी पिन बॅटरीच्या मायनस खुंटावर (त्यावर आवळलेल्या केबलच्या क्लॅम्पवर नाही, शिशाच्या खुंटावरच), लाल पिन इंजिनच्या उघड्या धातूवर, आणि कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा, गिअर न्यूट्रलला आहे ना ते बघून. साधारण अर्ध्या व्होल्टच्या आत आलं तर ठीक, जास्त आलं तर लाल पिन एकेक जोड मागे सरकवत या, इंजिनवरचा बोल्ट, केबलचा लग (टोकाची धातूची कडी), बॉडीवरचा जोड, क्लॅम्प. ज्या जोडावरून मागे आल्यावर आकडा एकदम पडतो, दोष त्याच जोडात.

इंजिनची पट्टी पार तुटली असेल तर करंट ॲक्सिलरेटर किंवा क्लच केबलमधून वाट काढतो. सेल्फ मारल्यावर ती केबल गरम लागली तर ही खूण सोडू नका, केबल जळूही शकते. मागच्या दिव्याचं अर्थ गेलं तर इंडिकेटरबरोबर टेललॅम्पही लुकलुकतो, कारण करंट शेजारच्या फिलामेंटमधून परतायला बघतो.

दुरुस्ती स्वस्त आहे. आधी बॅटरीचा मायनस काढा, नाहीतर प्लस सोडवताना पाना बॉडीला टेकला की शॉर्ट. मग पॉलिश पेपरने धातू चकाकेपर्यंत घासा, घट्ट आवळा, आणि वरून ग्रीस लावा म्हणजे पाणी शिरत नाही. परत मोजा. मायनसकडे आकडा सुधारला आणि सेल्फ तरीही जड असेल तर हीच तपासणी प्लसच्या केबलवर, आणि तीही नीट निघाली तरच बॅटरी लोड टेस्टला, म्हणजे जास्त करंट खेचून तपासायला न्या.