मोजलेला सीओटू आणि अंदाजाने काढलेला सीओटू

घरातल्या हवेचे दोन मॉनिटर शेजारी ठेवले तर दोन्हींच्या स्क्रीनवर सीओटू (कार्बन डायऑक्साइड) ८५० पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत ८५० भाग, दिसू शकतो. एकाने तो वायू खरोखर मोजलेला असतो. दुसऱ्याला तो वायू कळतसुद्धा नाही, तरी आकडा छापून मोकळा होतो.

मोजणाऱ्यात बहुधा एनडीआयआर, म्हणजे अवरक्त किरणांनी वायू मोजणारा सेन्सर असतो. कार्बन डायऑक्साइड ४.२६ मायक्रोमीटरच्या आसपासचे अवरक्त किरण शोषतो. छोट्या पोकळीच्या एका टोकाला दिवा, दुसऱ्या टोकाला डिटेक्टर. मध्ये वायू जितका जास्त, तितका प्रकाश कमी पोचतो.

दुसऱ्यात धातूच्या ऑक्साइडचा तापवलेला थर असतो. अल्कोहोल, थिनर, हायड्रोजन यांचा स्पर्श झाला की त्याचा विद्युतरोध बदलतो. माणूस कार्बन डायऑक्साइडबरोबर असे इतर वायूही सोडतो, म्हणून त्यांचं प्रमाण ठरावीक धरून ‘ई-सीओटू’ काढला जातो. सीसीएस८११, एसजीपी३० या चिप्स याच जातीच्या. खोलीत नुसती माणसंच असतील तर अंदाज बरा निघतो. पण फिनाइलने लादी पुसली, नेलपॉलिशची बाटली उघडली, की रिकाम्या खोलीतही आकडा हजारापार.

ओळखायचं कसं? फुंकर मारून नाही. श्वासात सुमारे ४ टक्के, म्हणजे ४०,००० पीपीएम कार्बन डायऑक्साइड असतो आणि सोबत बाकीचे वायूही, त्यामुळे दोघेही उडी मारतात. त्यापेक्षा सॅनिटायझरमध्ये भिजवलेला कापूस शेजारी ठेवा आणि स्वतः लांब व्हा. एनडीआयआरचा आकडा जवळजवळ हलणार नाही, ई-सीओटूचा मात्र उसळेल. शिवाय तासन् तास बरोब्बर ४०० ला चिकटलेला आकडा दिसला तर शंका घ्या: ती ई-सीओटूची तळरेषा आहे, त्याखाली तो आकडा दाखवतच नाही, आणि बाहेरची मोकळी हवासुद्धा आता ४२०च्या पुढे गेली आहे.

खरी गंमत क्लाउडवर, म्हणजे सेन्सरचे आकडे इंटरनेटवरून जिथे जमा होतात त्या सर्व्हरवर होते. शाळा-ऑफिसांत बॅटरीवर चालणारे लोरावॅन सेन्सर (लोरावॅन म्हणजे कमी विजेत लांबवर थोडी माहिती पाठवणारं रेडिओ जाळं; भारतात ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ, परवान्याची गरज नाही) दर दहा-पंधरा मिनिटांनी मोजके बाइट पाठवतात. वर्ग सुटल्यावर आकडा किती वेगाने उतरतो, यावरून तासाला हवा किती वेळा बदलते ते काढता येतं. बाहेर ४२० धरून १४२०चा आकडा तासाभरात ७९०च्या आसपास आला, तर साधारण एकदा. साधा स्प्लिट एसी बाहेरची हवा आत घेत नाही, त्यामुळे बंद वर्गात हे गणित फार उपयोगाचं. ई-सीओटूवरही ते होतं, ग्राफ देखणा येतो. फक्त उतरत असतो तो फिनाइलचा वास.

एनडीआयआरलाही एक खोड आहे. बरेच सेन्सर आठवडाभरातला नीचांक म्हणजे बाहेरची हवा, असं गृहीत धरून स्वतःला जुळवून घेतात. इस्पितळाच्या चोवीस तास भरलेल्या वॉर्डात तशी मोकळी वेळ येतच नाही आणि आकडा हळूहळू खरा सोडून खाली सरकतो. अशा जागी ही सोय बंद करावी आणि सेन्सर अधूनमधून मोकळ्या हवेत नेऊन जुळवावा.

ई-सीओटूची चिप टाकाऊ मात्र नाही. नव्या रंगाचा, प्लायवूडचा वास ओसरतोय का, हे ती छान सांगते. पण खिडक्या कधी उघडायच्या हे ठरवायचं असेल तर एनडीआयआरचेच पैसे मोजा. आणि पीएम २.५, म्हणजे धूळ-धुराच्या अतिसूक्ष्म कणांसाठी तिसराच सेन्सर लागतो, ते काम या दोघांचं नाही.