हायस्कूल ट्रान्स्क्रिप्ट अभ्यास (अमेरिका)

अमेरिकेत नववी ते बारावी या चार वर्षांत मुलाने कुठले कोर्स घेतले, किती क्रेडिट जमा झाले आणि ग्रेड काय पडली याची शाळेकडची नोंद म्हणजे ट्रान्स्क्रिप्ट. आपल्या बोर्डाच्या मार्कशीटसारखा हा एका परीक्षेचा कागद नाही. निवडक शाळांकडून अशा हजारो नोंदी मागवून देशात मुलं नेमकं काय शिकतात ते शोधायचं, हे काम मुख्यतः राष्ट्रीय शिक्षण सांख्यिकी केंद्र (एनसीईएस) करतं. मुलांनाच विचारलं तर ती कोर्स आणि ग्रेड थोडे फुगवून सांगतात, म्हणून कागद.

सुरुवात कधीची यावर थोडा घोळ आहे. बहुतेक ठिकाणी १९८२ हे साल देतात, म्हणजे १९८० ला दहावीत असलेल्या मुलांच्या 'हायस्कूल अँड बियाँड' पाहणीत त्यांच्या ट्रान्स्क्रिप्ट गोळा केल्या तेव्हापासून. पण त्याआधीच, साधारण १९८० पासून, एनएलएसवाय-७९ या श्रमविषयक पाहणीतल्या तरुणांच्या ट्रान्स्क्रिप्ट जमवायला सुरुवात झाली होती, आणि शिक्षण-संशोधक क्लिफर्ड एडलमन यांनी त्या १९६४-६९ च्या जुन्या नमुन्याशी ताडून बघितल्या. त्यातूनच अमेरिकन शाळांच्या अवस्थेवरच्या १९८३ च्या 'अ नेशन अ‍ॅट रिस्क' अहवालात तो गाजलेला आकडा आला, की धड कॉलेजचा नाही आणि धड धंदेशिक्षणाचाही नाही असा 'जनरल' अभ्यासक्रम घेणारे १९६४ च्या १२ टक्क्यांवरून १९७९ पर्यंत ४२ टक्के झाले. धोरणावरचा परिणाम बघितला तर उगम इथे धरता येईल, तरी १९८२ च जास्त पटतं, कारण कोर्सना कोड देण्याची सीएसएससी ही पद्धत त्याच डेटासाठी तयार झाली आणि पुढची तुलना बरीचशी तिच्यावर उभी आहे. १९८७ पासून हा अभ्यास नेप या राष्ट्रीय चाचणीला जोडला गेला. नंतरच्या फेऱ्या १९९०, १९९४, १९९८, २०००, २००५, २००९ आणि २०१९.

खरी डोकेफोड कोडिंगची. एका शाळेचा 'मॅथ २' म्हणजे दुसरीकडची भूमिती असू शकते, म्हणून शाळेचा कॅटलॉग मागवून प्रत्येक कोर्सला सहा आकडी कोड देतात. क्रेडिट कार्नेगी युनिटमध्ये बदलतात, म्हणजे एका विषयाचे वर्षभरात साधारण १२० तास = १ युनिट. ग्रेडचं ए=४, बी=३ असं सरळ गणित, ऑनर्स (वरच्या पातळीच्या) किंवा एपी (शाळेतच घेतलेल्या कॉलेज पातळीच्या) कोर्सला जादा पॉइंट नाहीत. विश्लेषणात रीतसर डिप्लोमा घेतलेलेच येतात, त्यातही किमान १६ क्रेडिट हवेत, त्यामुळे शाळा सोडलेली मुलं या चित्रात जवळपास नाहीतच, ही मोठीच उणीव. नंतर एससीईडी ही नवी कोडपद्धत आली, त्यामुळे जुन्या-नव्या फेऱ्यांची तुलना जपून करावी लागते.

निकालांकडे बघितलं तर १९९० ला सरासरी २३.६ क्रेडिट आणि २.६८ जीपीए (४ पैकी ग्रेडची सरासरी) होता, २००९ ला २७.२ आणि ३.००, तर २०१९ ला जीपीए ३.११. कडक म्हणावा असा अभ्यासक्रम (त्यात गणिताची चार वर्षं, प्रीकॅल्क्युलसपर्यंत) पूर्ण करणारे १९९० ला ५ टक्के होते, २००९ ला १३. पण २००९ ते २०१९ मध्ये ग्रेड वाढत असताना नेपचे गणिताचे गुण उलट घसरले. ग्रेड सैल झाल्या का कोर्सची नावंच तेवढी भारी झाली, यावर वाद आहे. दुसऱ्या शक्यतेला बळ देणारा पुरावा म्हणजे २००५ च्या मुलांची पुस्तकं तपासलेला अभ्यास, ज्यात 'ऑनर्स' अल्जिब्रा-१ घेतलेल्या सुमारे ७३ टक्के मुलांना प्रत्यक्षात मध्यम पातळीचाच मजकूर मिळाला होता.

एडलमन यांनी १९९९ मध्ये याच प्रकारच्या डेटावरून मांडलं की पदवी पूर्ण होण्याशी हायस्कूलमधल्या अभ्यासक्रमाच्या कसाचा संबंध टेस्टच्या गुणांपेक्षा किंवा ग्रेडपेक्षा जास्त घट्ट असतो. हा निष्कर्ष धोरणवाल्यांनी लगेच उचलला. आक्षेप असा की अवघड कोर्स घेणारी मुलं मुळातच वेगळी असतात, आणि कोर्सचा परिणाम व मुलांचा हा मूळचा वेगळेपणा हे दोन नुसत्या ट्रान्स्क्रिप्टवरून सुटे करणं अवघडच.