हेब्रनमधील आंतरराष्ट्रीय निरीक्षक पथक

इस्रायलव्याप्त वेस्ट बँकेतील हेब्रन (अरबी नाव अल-खलील) शहरात पॅलेस्टिनी रहिवाशांना सुरक्षित वाटावे, या हेतूने १९९४ मध्ये तीन महिने व पुढे १९९७ ते २०१९ या काळात कार्यरत असलेले परदेशी निरीक्षकांचे पथक. ‘हेब्रनमधील तात्पुरती आंतरराष्ट्रीय उपस्थिती’ हे त्याचे अधिकृत नाव.

२५ फेब्रुवारी १९९४ रोजी, रमजानच्या महिन्यात, इब्राहिमी मशिदीत पहाटेची नमाज चालू असताना बारूख गोल्डस्टाइन या इस्रायली वसाहतवाल्याने गोळीबार करून २९ पॅलेस्टिनींना ठार केले. अब्राहम, इसहाक व याकोब या कुलपित्यांचे दफनस्थान म्हणून हीच वास्तू ज्यूंनाही पवित्र आहे. हत्याकांडाचा निषेध करणाऱ्या, संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेच्या ९०४ क्रमांकाच्या ठरावात परदेशी उपस्थितीची मागणी होती. त्यातून नॉर्वे, डेन्मार्क व इटली यांचे पहिले पथक आले. जानेवारी १९९७ च्या हेब्रन कराराने शहराचा सुमारे ८० टक्के भाग (एच-१) पॅलेस्टिनी प्राधिकरणाकडे गेला. जुने शहर, मशीद आणि ज्यू वसाहती असलेला भाग (एच-२) इस्रायली लष्कराच्या ताब्यात राहिला. त्यानंतरच्या पथकात स्वीडन, स्वित्झर्लंड व तुर्कस्तानही सामील झाले. समन्वयाची जबाबदारी नॉर्वेकडे होती.

निरीक्षक निःशस्त्र असत. गस्त घालणे, छायाचित्रे घेणे, घडले ते नोंदवणे एवढेच त्यांचे काम होते; डोळ्यांदेखत कोणाला मारहाण झाली, तरी प्रत्यक्ष हस्तक्षेप करण्याचा अधिकार त्यांना नव्हता. अहवालही दोन्ही पक्ष (इस्रायल व पॅलेस्टिनी प्राधिकरण) आणि सहा सहभागी देश यांच्यापुरतेच गोपनीय राहत. या गोपनीयतेमुळे पथकाला दोन्ही बाजूंशी बोलता आले हे खरे. परंतु ज्यांच्या हालांची नोंद होत होती, त्या रहिवाशांना ती वाचताही येत नव्हती, ही या रचनेतील सर्वांत गंभीर उणीव मानावी लागते. एच-२ मधील शुहादा या बाजाररस्त्यावरची, इस्रायली लष्कराने बंद केलेली पॅलेस्टिनी दुकाने पथक असूनही बंदच राहिली. काम धोक्याचेही होते: मार्च २००२ मध्ये हेब्रनजवळ झालेल्या गोळीबारात एक तुर्की व एक स्विस निरीक्षक मृत्युमुखी पडले.

पथकाची मुदत दर सहा महिन्यांनी दोन्ही पक्षांच्या संमतीने वाढवली जाई. पथक आपल्याविरुद्ध काम करते, असा आरोप करून इस्रायलचे पंतप्रधान बेंजामिन नेतान्याहू यांनी जानेवारी २०१९ मध्ये मुदतवाढ नाकारली आणि पथकाला शहर सोडावे लागले. पॅलेस्टिनी नेतृत्वाने विरोध केला. सुरक्षा परिषदेत खेद व्यक्त करणारे निवेदन अमेरिकेने अडवले. ज्याच्या वर्तनाची नोंद घ्यायची, त्याच्याच संमतीवर निरीक्षणाची मुदत अवलंबून असल्याने हा निर्णय रोखण्याची कोणतीही तरतूद सहभागी देशांच्या हाती नव्हती.