फळांच्या रसाची जिवाणू चाचणी

फळाचा रस जिवाणूंची वाढ रोखतो का, की उलट वाढवतो, हे लॅबमध्ये बघायची ही चाचणी. खर्च कमी आणि निकाल एका दिवसात डोळ्याला दिसतो, त्यामुळं मायक्रोबायोलॉजीच्या शेवटच्या वर्षाला प्रोजेक्ट म्हणून ती बरीच होते. सांगली-साताऱ्याकडं तर सोयीचीच, कारण प्रोजेक्टची घाई आणि फळांचा सीझन एकाच वेळी येतो, तासगावची द्राक्षं, आटपाडीची डाळिंबं, महाबळेश्वर-पाचगणीची स्ट्रॉबेरी (हिला 2010 साली जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालाय), आणि लिंबू तर बाराही महिने.

नेहमीची पद्धत वेल डिफ्युजनची, म्हणजे वेलमध्ये (भोकात) घातलेला रस आजूबाजूला पसरू द्यायचा. पेट्री डिशमध्ये म्युलर-हिंटन अगर (जिवाणू वाढवायचा मीडिया, जेलीसारखा घट्ट होणारा) साधारण 4 मिमी जाडीचा ओतायचा, त्यावर स्वॅबनं ईकोलाय, बॅसिलस सबटिलिस किंवा स्टॅफ (स्टॅफिलोकॉकस) यापैकी एका जिवाणूचं कल्चर, म्हणजे वाढवलेले जिवाणू, सगळीकडं सारखं पसरायचं. कल्चर किती दाट घ्यायचं तेही ठरलेलं असतं, 0.5 मॅक्फारलंड (गढूळपणाचं माप), म्हणजे मिलिलिटरला अंदाजे 15 कोटी पेशी. मग कॉर्क बोररनं 6 किंवा 8 मिमीची भोकं पाडून त्यात 50 ते 100 मायक्रोलिटर रस सोडायचा आणि प्लेट 37 डिग्रीला 18 ते 24 तास इन्क्युबेटरमध्ये ठेवायची. दुसऱ्या दिवशी भोकाभोवती वाढ नसलेलं स्वच्छ वर्तुळ दिसलं तर तो झोन, आणि त्याचा व्यास पट्टीनं मिमीत मोजायचा. जिवाणू वाढवायला अगर वापरायची कल्पना 1880 च्या दशकात रॉबर्ट कॉख या जर्मन शास्त्रज्ञाच्या लॅबमध्ये फॅनी हेसे या बाईंनी सुचवली, त्या घरी फळांची जेली घट्ट करायला अगरच वापरायच्या. म्हणजे फळाचा रस आणि अगर यांची ओळख स्वयंपाकघरातलीच.

रस निर्जंतुक करणं हे पहिलं अवघड काम. ऑटोक्लेव्ह केला (दाबाखालच्या वाफेत तापवला) तर व्हिटॅमिन सी जातं, रसातली बाकीची द्रव्यंही बदलतात, आणि आंबट रस मीडियातच मिसळून गरम केला तर अगर धड घट्ट होत नाही. म्हणून आधी गाळून सेंट्रिफ्यूज करायचा आणि मग 0.22 मायक्रॉनच्या फिल्टरमधून काढायचा, सेंट्रिफ्यूज टाळलं की फिल्टर दोन मिनिटात चोंदतो, हे ज्यानं केलंय त्याला माहितीय. फिल्टर न करता रस घातला तर द्राक्षाच्या सालीवरचं यीस्ट वेलमध्ये वाढतं आणि आपण रसाची नाही तर यीस्टची परीक्षा घेत बसतो.

पण माझ्या मते या चाचणीचा खरा जीव कंट्रोलमध्ये, म्हणजे तुलनेसाठी ठेवलेल्या वेलमध्ये, आहे. झोन सगळ्यांना दिसतो, तो कुणी पाडला हे शोधायचं असतं. लिंबाच्या रसाचा पीएच (आंबटपणाचं माप, कमी म्हणजे जास्त आंबट, 7 म्हणजे न्यूट्रल) 2 ते 2.6 च्या आसपास, त्यात 5 ते 6 टक्के सायट्रिक ॲसिड, तेवढ्या आंबटपणात बहुतेक जिवाणू मरतातच, त्यात लिंबाची वेगळी कमाल काही नाही. म्हणून तीन वेल जास्तीचे पाडायचे: एकात निर्जंतुक पाणी, एकात त्याच पीएचचं सायट्रिक ॲसिड, आणि एकात सोडियम हायड्रॉक्साइडनं पीएच 7 वर आणलेला तोच रस. रस न्यूट्रल केल्यावर झोन गेला तर काम आम्लाचं, राहिला तर रसात दुसरं काहीतरी आहे. स्ट्रॉबेरी आणि काळ्या द्राक्षाचा रस न्यूट्रल करताना लालचा जांभळट होतो, ते घाबरायचं कारण नाही, अँथोसायनिन ही फळातली रंगद्रव्यं पीएचनुसार रंग बदलतात. मात्र पीएच 7 च्या पुढं ढकलायचा नाही, पॉलिफिनॉल (टॅनिन, अँथोसायनिनसारखी द्रव्यं) खराब होतात. डाळिंबाच्या सालीत दाण्यांपेक्षा टॅनिन (तुरट द्रव्य) जास्त, त्यामुळं सालीचा अर्क न्यूट्रल करूनही बऱ्याचदा झोन देतो, विशेषतः स्टॅफवर. ईकोलाय मात्र ग्रॅम निगेटिव्ह गटातला, त्याला बाहेरून आणखी एक आवरण असतं, तो दाद कमी देतो.

आता आपल्या भागातली गोष्ट, आणि ही हमखास राहून जाते. द्राक्षबागेत बोर्डो मारतात, म्हणजे मोरचूद आणि चुना, आणि तांबं जिवाणूंना मारतं. डाळिंबावर तेल्या पडतो, तो झॅन्थोमोनास नावाच्या जिवाणूचा रोग, म्हणून बागायतदार स्ट्रेप्टोसायक्लिन फवारत आलेत, आणि ते चक्क अँटिबायोटिक! अशा फळाची साल न धुता मिक्सरला लावली तर झोन डाळिंबाचा की फवारणीचा हे प्लेट बघून कुणालाच सांगता येणार नाही. फळं वाहत्या पाण्यात नीट धुवावीत, शेवटच्या धुण्याचं पाणीसुद्धा एका वेलमध्ये घालून बघावं, आणि जमलं तर ओळखीच्या बागेतली बिनफवारणीची फळं सोबत घ्यावीत. धुण्याच्या पाण्याला झोन आला नाही तरी सालीच्या आत मुरलेल्या औषधाचा प्रश्न उरतोच, म्हणून ती बिनफवारणीची फळं महत्त्वाची.

झोन मोठा म्हणून रस भारी असंही नाही. लहान रेणू अगरमध्ये लांब पसरतात, टॅनिनसारखे मोठे रेणू भोकाजवळच अडकतात, त्यामुळं लिंबू आणि डाळिंब यांची नुसती मिमीवर तुलना चुकीची. त्यासाठी ब्रॉथमध्ये (अगर नसलेल्या पातळ मीडियात) रस पातळ करत जाऊन कमीत कमी किती प्रमाणात वाढ थांबते ते बघतात. जिवाणू मेले की नुसते थांबले हे कळायला झोनमधून तारेचा लूप फिरवून ताज्या प्लेटवर रेघा ओढायच्या, परत वाढले तर थांबलेच होते. आणि पिकल्या द्राक्षाच्या रसात साखर भरपूर, ती जिवाणूंचं खाद्यच, त्यामुळं न्यूट्रल केलेला रस वाढ वाढवू पण शकतो.

प्लेटवरचा निकाल माणसाच्या पोटाला लावू नये. 1996 साली अमेरिका-कॅनडात न तापवलेल्या सफरचंदाच्या रसातूनच ईकोलाय ओ157 या घातक प्रकाराची साथ पसरली होती, रस आंबट असूनही तो जिवाणू त्यात टिकला.

शाळेच्या पातळीवर करायचं असेल तर बॅसिलस सबटिलिस किंवा ईकोलायचा निरुपद्रवी लॅब स्ट्रेनच घ्यावा, हातावरचे किंवा नाल्यातले जिवाणू वाढवू नयेत. वाढ झालेली प्लेट टेपनं बंद ठेवून खालच्या काचेतूनच झोन मोजावा, आणि काम झालं की सगळ्या प्लेट 121 डिग्रीला किमान 15 मिनिटं ऑटोक्लेव्ह करूनच टाकाव्यात, लॅबमध्ये ऑटोक्लेव्ह नसेल तर छोट्या प्रमाणावर प्रेशर कुकरनंही काम भागतं, पण तो कुकर मग परत भाताला वापरायचा नाही.