मतदारसंघाची सीमा आणि बातमीची सीमा

अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात ४३५ सदस्य असतात आणि दर १० वर्षांनी होणाऱ्या जनगणनेनंतर त्यांच्या मतदारसंघांची पुनर्रचना होते. एका राज्यातील मतदारसंघांची लोकसंख्या शक्य तितकी समान असली पाहिजे, असा निकाल तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९६४ साली दिला; आज एका मतदारसंघात सरासरी ७ लाख ६० हजारांच्या आसपास लोक येतात. बहुतेक राज्यांत सीमा ठरवण्याचे काम विधिमंडळाकडे असल्यामुळे सत्ताधारी पक्ष त्या आपल्या सोयीने वाकवतो, ही तक्रार १८१२ साली मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर असलेल्या एल्ब्रिज गेरी यांच्या काळापासूनची आहे आणि तिची चर्चाही भरपूर झाली आहे. मात्र मतदारसंघाची सीमा सरकली, तरी वृत्तपत्राचा वाचक आणि दूरचित्रवाणीचा प्रेक्षक जागचा हलत नाही, याकडे त्या मानाने कमी लक्ष जाते.

नील्सन ही प्रेक्षकसंख्या मोजणारी कंपनी अमेरिकेचे २१० प्रसारण-क्षेत्रांत विभाजन करते. त्यांपैकी सर्वांत मोठे न्यूयॉर्कचे असून त्यात ७० लाखांहून अधिक घरे आणि तीन राज्यांतील वीसपेक्षा जास्त मतदारसंघ येतात. न्यू जर्सी या राज्याचा उत्तर भाग या क्षेत्रात, तर दक्षिण भाग फिलाडेल्फियाच्या क्षेत्रात मोडतो. उत्तर भागात स्थायिक झालेल्या अनेक मराठी कुटुंबांनाही संध्याकाळच्या बातम्यांत आपल्या खासदारापेक्षा न्यूयॉर्कचा महापौरच अधिक दिसणार. येथील उमेदवाराने दूरचित्रवाणीवर जाहिरात दिली, तर ती पाहणाऱ्यांपैकी बहुसंख्य लोक त्याचे मतदारच नसतात, पण पैसे मात्र साऱ्या क्षेत्राचे मोजावे लागतात. नाव आधीच परिचित असलेल्या विद्यमान सदस्याला हे परवडते. आव्हान देणाऱ्या नवख्याची त्यात कोंडी होते.

संपादकाचे गणितही याहून वेगळे नाही. ज्या खासदाराला आपल्या वाचकांपैकी मूठभरच लोक मत देऊ शकतात, त्याच्यासाठी तो बातमीदार आणि जागा खर्च करत नाही. या गणिताचा परिणाम जेम्स स्नायडर आणि डेव्हिड स्ट्रोमबर्ग यांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात मोजला. वृत्तपत्राचा खप आणि मतदारसंघ एकमेकांशी किती जुळतात, याचे माप त्यांनी तयार केले. नुसती तुलना येथे फसवी ठरली असती, कारण सुशिक्षित किंवा सधन भागांत बातम्याही जास्त आणि राजकीय जागरूकताही जास्त असू शकते. पुनर्रचना मात्र ही अडचण बरीचशी दूर करते: लोक तेच, वृत्तपत्र तेच, आणि बदलते ती केवळ सीमा.

जेथे जुळणी कमी होती, तेथे खासदाराविषयीच्या बातम्या कमी छापल्या जात आणि मतदारांना त्याचे नाव आठवण्याची शक्यताही कमी असे. येथपर्यंतचे निष्कर्ष अपेक्षितच म्हणावे लागतील. पण अशा भागांतील सदस्य संसदीय समित्यांसमोर साक्ष देण्यासही कमी वेळा जात, पक्षादेशाविरुद्ध कमी वेळा मतदान करत, आणि त्या भागांना मिळणारा केंद्रीय निधीही कमी असे. माझ्या मते यातील पक्षनिष्ठेचा मुद्दा सर्वांत बोलका आहे, कारण मतदारसंघात आपली दखल घेणारे कोणी नसेल, तर पक्षनेतृत्वाची नाराजी ओढवून घेण्यात सदस्याला काही लाभ उरत नाही. (लोकसभेत पक्षांतरबंदी कायद्यामुळे हा पर्याय जवळपास बंदच आहे, म्हणून असे मोजमाप आपल्याकडे करता येणार नाही.)

२०२५ साली टेक्सासने जनगणनेची वाट न पाहता नवा नकाशा केला आणि कॅलिफोर्नियाने नोव्हेंबरमधील सार्वमताने त्याला तसेच उत्तर दिले. दोन्हीकडे चर्चा झाली ती प्रामुख्याने कोणत्या पक्षाच्या किती जागा वाढणार याची, आणि ती अंदाजे पाच-पाच जागांवर येऊन थांबली. ज्या वस्त्या एका मतदारसंघातून उचलून दूरच्या शहराशी जोडल्या गेल्या, त्यांच्याकडे येणारे वृत्तपत्र आणि दिसणारी वाहिनी पूर्वीचीच आहे. नव्या खासदाराची बातमी तेथे कोण देणार, हा प्रश्न नकाशा आखणाऱ्यांच्या हिशेबात नव्हता.